सातव्या फ्रेममधली रेघ

खडकवस्ती, ता. पारनेर
१९ नोव्हेंबर १९७२

चि. भागिरथी,

मामाचा आशीर्वाद. सोबत रोल पाठवला आहे, सुप्याच्या बाजाराला निघालेल्या पुंजारामच्या हाती. तो पुढे एस.टी.च्या कंडक्टरकडे देईल. पुंजाराम रोल आणि तंबाखू एकाच खिशात ठेवतो, तेव्हा वास आला तर नवल मानू नकोस.

बाराच्या बारा फोटो डोहाचे आहेत. तू म्हणशील, मामाला दुसरं काही दिसत नाही का. खरंच दिसत नाही. ओढा सप्टेंबरातच आटला, विहिरीत पोहरा दगडावर वाजतो. एक डोह तेवढा शाळेखाली उरला आहे. पाणी हिरवं झालंय, जनावरंसुद्धा नाक लावून मागे फिरतात. पण सकाळी सातला वारा पडलेला असला की वरून नुसता आरसा. पलीकडची, पाण्यावर पुढे आलेली लांबलचक कपार जशीच्या तशी पाण्यात उतरते. दरडीच्या टोकाला, शाळेच्या ओट्याखाली उभं राहून मी हे फोटो घेतले. तुला ठाऊकच आहे, तिथून खाली कोणी उतरत नाही. डोह साती आसरांचा. माझ्यासारखा भूगोल शिकवणारा मास्तरही उतरत नाही, यावर तू हसलीस तरी चालेल.

पुण्याच्या हौशी मंडळींचं निसर्गछायाचित्रांचं प्रदर्शन आहे. त्यात एक चित्र पाठवावं असं मनात आहे. पुढच्या वर्षी डोह असेल नसेल. वस्ती तरी असेल की नाही कोण जाणे. टँकर आठवड्यातून तीनदा येतो. मार्चपासून येणार नाही म्हणतात. ज्या वस्त्यांना स्वतःचं पाणी नाही त्यांनी तलावाच्या दुष्काळी कामावर झोपड्या टाकून राहावं, अशी यादी होते आहे. चौदा घरं गेली की माझी शाळाही गेली.

आमची राही, तुझी आई, बरी आहे. राही म्हणते, सगळ्या रानातल्या मधमाश्या हल्ली डोहावर येतात, पण पाण्यावर बसत नाहीत, कपारीखाली जातात. तिला काय, दिवसभर बघत बसते. फोटोत ये म्हटलं तर डोक्यावरचा पदर तोंडावर ओढून घेते. कारण तू जाणतेस.

गहिनीनाथ


केडगाव
२७ नोव्हेंबर १९७२

ती. मामा,

नमस्कार. रोल मिळाला. तंबाखूचा वास होता, प्रकाश लागलेला नव्हता.

ऑफिसात दिवसभर नकाशांच्या नकला काढते, त्यामुळे तुमचे काम सहानंतर तिथल्या डार्करूममध्ये केले. साहेबांची परवानगी आहे, रसायने माझी आहेत. निकाल असा: १ ते ३ मध्ये हात हलला आहे. ४ आणि ५ कोऱ्या आहेत. तुमच्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात वरच्या भिंगातून चित्र दिसते. म्हणून खालच्या भिंगाचे झाकण काढलेले आहे असे होत नाही. ६ ठीक. ७ चांगली आहे. ८ ते १२ मध्ये वारा सुटला होता.

सातवीविषयी. प्रतिबिंब वरच्या कपारीपेक्षा गडद आले आहे. त्यात तुमची चूक नाही. पाणी प्रकाशाचा काहीच भाग परत देते, बाकीचा आत घेते. पाहणाऱ्याला बरोबरीचे वाटते, फिल्मला वाटत नाही. खालच्या अर्ध्याला प्रिंट करताना थोडा हाताचा आडोसा दिला की समतोल येईल.

एक दोष आहे. खालच्या अर्ध्यात, कपारीच्या प्रतिबिंबात, डावीकडून तिसऱ्या भेगेजवळ एक उभी काळसर रेघ आहे. वरच्या अर्ध्यात, खऱ्या कपारीवर, तिच्या जोडीची रेघ नाही. फिल्म धुताना पाण्याचा थेंब वाळला असावा. तसे माझ्याकडून सहसा होत नाही. तुम्ही भिंग कशाने पुसता ते कळवा. धोतराने पुसत असाल तर पुसू नका.

माश्या ओलाव्याला जातात. डोहाच्या कडेला ओल असणारच.

आईला इकडे आणायचे ठरले तर आठ दिवस आधी कळवावे. खोली दहा बाय बारा आहे. नळ सकाळी पाऊण तास असतो.

भागिरथी


खडकवस्ती
५ डिसेंबर १९७२

चि. भागिरथी,

तुझं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं, नळाचं सोडून. झाकणाचं ऐकून पोरं जी हसली, ती अजून मला झाकणमास्तर म्हणतात.

प्रिंट पाहिली. पोरी, तू जादू केलीस. दरडीवर उभं राहून मला जे दिसतं तेच आहे, फक्त ती रेघ सोडून. ती काढ. आम्ही चित्रकलेच्या तासाला काय शिकवतो? कागदाची घडी घालायची, एका बाजूला ओल्या रंगात झाड काढायचं, घडी दाबायची, की खाली झाडाचं प्रतिबिंब तयार. जे वर तेच खाली. वर नाही आणि खाली आहे, असं चित्र पुण्याला गेलं तर परीक्षक म्हणतील, मास्तरांनी दोन फोटो जोडले. मी आयुष्यात एक चित्र पाठवणार आणि तेही खोटं ठरणार. तुला पेन्सिलीचं काम येतं. निगेटिव्हवर दोन हात मार आणि ३१ तारखेच्या आत पाठवून दे.

पेन्सिलीचा विषय निघाल्यावर राही उठून गेली. तो फोटो तिने अजून पेटीत पालथा ठेवला आहे, डिप्लोमाच्या वेळी तू काढला होतास तो. तू तिच्या तोंडावरचे देवीचे वण इतके सफाईने काढलेस की तुला वर्गात पहिला नंबर मिळाला. ती मात्र फोटो बघून एवढंच म्हणाली होती, “ही कोन?” तुझा राग नाही तिला. पण तेव्हापासून कॅमेऱ्यासमोर येत नाही, हे खरं.

तुझा निरोप सांगितला. म्हणाली, “दहा बाय बारात ती मावती का पयली? तिची पुस्तकं, तिच्या बाटल्या, आन मग मी कुठं?” म्हणजे नाही म्हणालेली नाही.

गहिनीनाथ


केडगाव
१४ डिसेंबर १९७२

ती. मामा,

रेघ काढली. निगेटिव्हवर त्या जागी पेन्सिलीने भरले. आता आजूबाजूच्या खडकासारखीच दिसते. बारा बाय पंधराची प्रिंट रजिस्टरने पुण्याला पाठवली. पावती सोबत.

त्यांच्या नियमात लिहिले आहे की ठिपके व ओरखडे भरायला हरकत नाही; चित्रातली वस्तू घालू अथवा काढू नये. रेघ हा वाळलेला डाग असल्याने नियम मोडलेला नाही. वाळलेल्या थेंबाला कडा असते. हिला दोन्ही बाजूंना कडा नव्हती, पिसासारखी होती. पण तुमचे म्हणणे बरोबर आहे, वर काही नाही.

तो फोटो मी परीक्षेसाठी केला होता. वण काढणे हा प्रश्नपत्रिकेतला प्रश्न होता.

भागिरथी


खडकवस्ती
२१ जानेवारी १९७३

चि. भागिरथी,

पुण्याहून कार्ड आलं. आपलं चित्र निवडलं गेलं. तीनशे बारामधून साठ, त्यात आपलं एक. मी कार्ड शाळेच्या फळ्यावर टोचलं. आबासाहेबांनी येऊन वाचलं आणि विचारलं, “त्यात पानी कुनाला मिळतं का?” आबासाहेब वस्तीचे कारभारी, त्यांना दुसरं सुचणार कसं.

टँकर आता दोनच दिवस. संक्रांतीनंतर सहा घरं गेली. पटावर एकोणतीस होती, काल अठरा बसली. यादी पक्की झाली आहे. १ मार्चला उरलेल्यांनी कामावर जायचं. लंकाबाई, आमच्यातली सगळ्यात म्हातारी, आसरांची पूजा तिच्याकडे, ती म्हणते, मी जात नाही, मला इथंच पुरा. रोज संध्याकाळी हे ऐकावं लागतं.

राही तुझ्याकडे यायला कबूल झाली. मी तिला विचारलं नव्हतं, तीच म्हणाली. पेटी, जातं आणि एक शेळी. शेळीचं मी बघतो. २५ फेब्रुवारीला आणून सोडू का?

वस्ती सोडायच्या आधी म्हणून डोहाचा आणखी एक रोल काढला, सोबत आहे. यंदा सगळं आटलं, पण डोह तीन हात उतरून तिथंच थांबला आहे. लंकाबाई म्हणते आसरांची माया. माश्या अजून येतात. या खेपेला मी दरडीवर जागा बदलून बदलून उभा राहिलो. झाकण काढलं होतं, दोनदा पाहिलं.

गहिनीनाथ


केडगाव
२९ जानेवारी १९७३

ती. मामा,

हे पत्र दोनदा वाचावे.

नवा रोल काल धुतला. रेघ पुन्हा आहे. चार फ्रेममध्ये आहे आणि चारही ठिकाणी फिल्मवर तिची जागा वेगळी आहे. पण खडकाच्या मानाने ती एकाच जागी आहे: प्रतिबिंबात, तिसऱ्या भेगेजवळ. वर कुठेच नाही. डाग चार वेळा एकाच भेगेजवळ वाळत नाही. म्हणजे तो डाग नव्हता.

मी चुकले ते कुठे, ते लिहिते. घडीच्या कागदावर जे वर तेच खाली असते. पाण्यात तसे नसते, आणि हे मला शिकवलेले आहे. तुम्ही दरडीवर तीस फुटांवर उभे आहात. पाण्यातले प्रतिबिंब मात्र असे दिसते, जणू तुम्ही पाण्याखाली तीस फुटांवर उभे राहून वर बघत आहात. तुम्हाला वरून कपारीची पाठ दिसते. पाण्याला तिचे पोट दिसते. चहाच्या कपाचा कान बशीत बघा: वरून न दिसणारी त्याची खालची बाजू बशीच्या चकाकीत दिसते. मागच्या वर्षी डोह भरलेला असताना पाणी कपारीला टेकले होते, म्हणून काही दिसले नाही. पाणी उतरले, तेव्हा फट पडली.

तेव्हा कपारीच्या पोटाशी, वरून कोणालाही न दिसणारी, उभी, पिसासारख्या कडांची, काळसर अशी काहीतरी वस्तू आहे. ती पाणी आहे असे मी म्हणत नाही. भेग असेल, वटवाघळे असतील. परंतु ओला खडक कोरड्यापेक्षा गडद येतो, आणि आईने नोव्हेंबरात सांगितले होते की माश्या कपारीखाली जातात. ते मी एका ओळीत निकाली काढले होते.

कृपा करून एवढे मोजा: दरडीची उंची (दोरीला दगड बांधून), पाण्यापासून कपारीच्या ओठाची उंची, दोन्हींमधले अंतर. नंतर कपारीच्या पाठीवर पालथे पडा, बांबूला आरसा तिरका बांधून ओठासमोर खाली सोडा आणि आरशात बघा. पाण्यात कोणी उतरण्याची गरज नाही.

आणखी एक. टर्पेंटाइनने सातव्या निगेटिव्हवरची पेन्सिल पुसली. रेघ जशीच्या तशी आहे. मी पुण्याला पत्र टाकले की चित्रातली वस्तू काढली गेली आहे, तरी ते मागे घ्यावे. तुम्हाला विचारले नाही. विचारले असते तर तुम्ही नाही म्हटले नसते, पण तुम्हाला स्वतः हो म्हणावे लागले असते.

२५ तारीख मला चालेल. घरमालकिणीकडून बाज मागून आणली आहे.

भागिरथी


खडकवस्ती
९ फेब्रुवारी १९७३

चि. भागिरथी,

पुण्याच्या बाबतीत मी दोन दिवस तुझ्यावर रागावलो होतो. फळ्यावरचं कार्ड काढताना पोरांनी विचारलं, गुरुजी, का? मी म्हटलं, झाकण राहिलं होतं. त्यावर कोणी हसलं नाही.

आता ऐक. मापं: दरड एकतीस फूट. ओठ पाण्यापासून साडेचार. मधलं अंतर पन्नास. आरसा आबासाहेबांचा, दाढीचा. तो द्यायलाच त्यांनी एक दिवस लावला. बांबू पुंजारामचा. मी कपारीवर पालथा पडलो, पुंजाराम माझे पाय धरून बसला, आणि सगळी वस्ती दरडीवर उभी राहून मास्तराचं डोकं फिरल्याचं बघत होती.

आरशात आधी मलाच मी दिसलो. मग आभाळ. मग बांबू जरासा फिरवला आणि हिरवं दिसलं. तुला सांगतो, चार महिन्यांत मी हिरवं पान पाहिलं नव्हतं. काळ्या देठाचा हंसराज, ओलीवर वाढणारं ते नेचं, वरपासून खालपर्यंत उभी पट्टी, आणि प्रत्येक पानाच्या टोकाला थेंब. माश्या त्याच्यावर. थेंब खाली खडकावर पडतात आणि घसरून डोहात जातात. डोह का आटत नाही ते मला तिथं पालथ्या पालथ्या कळलं.

मी ओरडलो. मग वर वाद सुरू झाला. पाणी आहे, पण जाणार कोण? लंकाबाईने काठी आडवी धरली. म्हणाली, बाप्यांनी डोहात पाय घालायचा नाही, तिच्या सासऱ्यानं घातला होता, वर्षात बैल गेले. पुरुष मंडळी लगेच कबूल झाली, ती नेहमीच होतात. बायकांनी उतरायचं तर सवाष्ण हवी, ओटी हवी. सवाष्णी एकमेकींकडे बघायला लागल्या. तेवढ्यात राही पदर खोचत पुढे आली.

लंकाबाई म्हणाली, “राही, तू सवाष्न न्हाईस.”

“म्हनून तर जाते,” राही म्हणाली. “माझ्याकडनं न्यायासारखं आसरांनी ठिवलंय काय?”

लंकाबाईने काठी खाली टेकवली. वरच्या अंगाने, जिथं खडकाची पायरी आहे, तिथून राही कमरेएवढ्या पाण्यातून कपारीखाली गेली, हातात तांब्या घेऊन. मला ती दिसेनाशी झाली. मग तांब्यात थेंब पडायचा आवाज आला. पुढं तो आवाज बदलत गेला, तांब्या भरत गेला तसा.

बाहेर येऊन तिने तो लंकाबाईच्या हातात दिला. म्हातारीने आधी आसरांच्या सात दगडांवर धार धरली, मग उरलेलं प्यायली. म्हणाली, “ग्वाड हाय.”

एवढंच झालं. उरलेलं सगळं तू मोजून घे.

गहिनीनाथ


केडगाव
१५ फेब्रुवारी १९७३

ती. मामा,

पत्र मिळाले.

गोड आहे हे माप नव्हे. रिकामी घागर लावून ती किती मिनिटांत भरते ते घड्याळात बघा. सकाळी, दुपारी आणि सूर्यास्ताला, तीन दिवस. दुपारी प्रवाह कमी होतो का ते महत्त्वाचे आहे. पाणी डोहात पडू न देता पत्र्याच्या पन्हळीने कडेला आणावे. माणशी किती लागते त्याचा हिशेब मी करून देते. तो अर्जाला जोडा आणि यादी थांबवायला सांगा. सोबत दोन प्रिंट पाठवल्या आहेत, रेघेभोवती शाईने वर्तुळ केले आहे. ज्याला दाखवाल त्याला आधी वरची कपार बघायला सांगा, मग खालची.

तुम्ही आईच्या कमरेला दोर बांधला होता की नाही, बांधला असल्यास कोणी आणि तो किती जाड होता, हे लिहिलेले नाही. तिथे पाणी किती खोल आहे हेही नाही.

२५ तारीख रद्द समजायची का ते कळवावे, म्हणजे बाजेचे बघता येईल.

भागिरथी


खडकवस्ती
४ मार्च १९७३

चि. भागिरथी,

दोर होता. आबासाहेबांनी बांधला, मोटेचा नाडा, मनगटाएवढा. बैल ओढला असता. दुसऱ्या टोकाला चौघं होते. हे आधी लिहायचं राहिलं, झाकणमास्तर तो झाकणमास्तर.

घागर नऊ मिनिटांत भरते. दुपारी साडेनऊ. रात्रंदिवस मिळून दीडशेच्या वर घागरी. तुझा हिशेबाचा कागद आणि वर्तुळाची प्रिंट घेऊन मी तालुक्याला गेलो. साहेबांनी आधी वर बघितलं, मग खाली, मग प्रिंट उलटी करून पुन्हा बघितली, आणि म्हणाले, ही पाहणी कोणत्या इंजिनिअरची? मी म्हटलं, माझ्या भाचीची. परवा माणूस येऊन बघून गेला. खडकवस्ती यादीतून काढली. गेलेल्या सहांपैकी चार घरं परत आली आहेत, शाळेत सव्वीस बसली. कामावर जाणारे जातात आणि संध्याकाळी आपल्या घरी येतात.

पन्हळ बसवली, पण कपारीखाली जाऊन ती रोज साफ करावी लागते, पानं अडकतात. ते काम लंकाबाईने राहीला दिलं. दुसऱ्या कोणाला ती जाऊ देत नाही. सवाष्णींनासुद्धा नाही.

त्यामुळे राही येत नाही. तुला सांगायला मलाच जड जातंय. तिने मात्र सरळ सांगितलं: “भागीला लिही, रुसू नको म्हनावं. रुसली तरी ती लिहायची न्हाई, म्हनून आधीच सांगते.” शिवाय आणखी एक निरोप दिला आहे, मला कळला नाही, तसाच लिहितो: “पान्याला पेन्सिल लावता येत न्हाई.”

पुण्याचं पुढच्या वर्षी बघू. या खेपेला चित्र आहे तसं पाठवू, आणि मास्तरांनी दोन फोटो जोडले म्हणाले तर त्यांना इथं घेऊन येऊ.

रोल पाठवतो आहे. अकराव्या फ्रेमबद्दल काही सांगायचं नाही असं राहीने बजावलं आहे. भागीला आपसूक दिसू दे म्हणाली.

गहिनीनाथ


केडगाव
१३ मार्च १९७३

आई,

हे पत्र तुला आहे. मामा वाचून दाखवतील. त्यांनी मध्येच थांबून काही समजावून सांगू नये.

तुला आजवर पत्र लिहिले नाही, कारण ते दुसऱ्याने वाचायचे असते. हे कारण पुरेसे नव्हते.

अकरावी फ्रेम काल प्रिंट केली. कागद डेव्हलपरमध्ये टाकला की आधी सगळ्यात गडद भाग उमटतो. कपारीची सावली उमटली, मग हंसराजाची रेघ उमटली. मी वरचा अर्धा तपासला. तिथे खडक आहे, भेगा आहेत, आणखी काही नाही. मग खालचा बघितला. रेघेच्या शेजारी एक हात होता, वर उचललेला, पन्हळीतली पाने काढणारा. मग खांदा. मग डोके, पदर घेतलेले, आणि चेहरा दरडीकडे. तू बघत होतीस. म्हणजे मामांनी फोटो घ्यायच्या आधी तुला ठाऊक होते.

निरोप मला कळला.

तो जुना फोटो परीक्षेसाठी होता असे मी मामांना लिहिले. ते खरे आहे, पण पूर्ण नाही. परीक्षेला कोणाचाही चेहरा चालला असता. मी तुझा घेतला, कारण तुला तो आवडेल असे मला वाटले होते. तुला नको असलेली गोष्ट मी काढून देते आहे असे वाटले. तुला विचारले नव्हते. नंतरही विचारले नाही. रेघेच्या बाबतीत मी तेच केले. जे वर दिसत नाही ते खाली असण्याचे कारण नाही, असे धरून चालले.

आता या फोटोविषयी. इतक्या लांबून तुझे वण दिसत नाहीत. मी दहापट भिंगाने पाहिले. पण फोटो घेतला त्या क्षणी एक थेंब पाण्यात पडलेला होता, आणि त्याची वलये तुझ्या चेहऱ्यावरून गेली आहेत. गाल तीन ठिकाणी तुटला आहे, एक डोळा लांबला आहे. कोणीही परीक्षक याला दोष म्हणेल. मी त्याला हात लावलेला नाही. तुझ्या कानाजवळ धुळीचा एक ठिपका आहे, तो खरोखर धुळीचाच आहे, त्याला हरकत नव्हती. तोही तसाच ठेवला.

प्रतिबिंबात तू अर्थातच उलटी आहेस, डोके खाली. म्हणून मी प्रिंट फिरवून भिंतीला लावली. आता कपार, दरड, शाळा सगळे उलटे झाले आहे आणि तू सरळ आहेस. घरमालकीण बघून गेली. म्हणाली, फोटो उलटा लागलाय. मी म्हटले, नाही.

शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा घेतली आहे. दुपारच्या गाडीने सुप्याला उतरेन, पुढे चालत. मला कपारीखाली यायचे आहे. लंकाबाईंना विचारून ठेव. नको म्हणाल्या तर दरडीवरून बघेन, मला आता तिथून बघता येते.

बाज परत केलेली नाही.

भागी